गोष्टीत कोणाला मारायचं नाही

पारनेर
२ डिसेंबर २०२४

प्रिय पूजा मॅडम,

आपली भेट एकदाच झाली. स्टाफरूमच्या दारात, माझ्या हातात निरोप समारंभाचा नारळ आणि तुमच्या हातात नेमणुकीचा कागद. तुम्ही विचारलंत, "मॅडम, शिकवीन मी; पण सातवीची पोरं गप्प कशी बसतात?" आणि मी उत्तर द्यायच्या आत तुमची कर्जतची बस आली. ते उत्तर माझ्याकडे राहून गेलं, म्हणून हे पत्र.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर ऐकलेलं ऐन तासाला आठवत नाही, कागद टेबलाच्या खणात पडून राहतो. शिवाय मला आता वेळच वेळ आहे. डॉक्टरांनी पलंगावरून उठू नका म्हणून सांगितलंय. बेचाळिसाव्या वर्षी पहिलं बाळ म्हटल्यावर आई, भाऊ, वहिनी सगळेच माझ्याकडे असे बघतात, जणू मी फळीवरची काचेची बरणी आहे. माझे मिस्टर शलमोन नगरच्या घरी एकटे असतात. ते रविवारी येतात आणि दारातूनच विचारतात, "उठली नाहीस ना?"

तर उत्तर असं, की सातवी गप्प बसत नाही. बसवायला जाऊही नका. दुसऱ्याच्या जागी आलेल्या शिक्षकाला मुलं पहिले काही दिवस चाचपून बघतात. त्यांना हाताला, डोक्याला काहीतरी द्या. त्याला फार तयारी लागत नाही.

हजेरीपासून सुरुवात करा. आमच्या वर्गात 'हजर' म्हणत नाहीत. नाव घेतलं की येताना वाटेत पाहिलेली एक गोष्ट सांगायची. एकच, आणि खरी. शेवटच्या बाकावर कल्याण आहे, तो रोज 'मेलेलं कुत्रं' सांगेल. शाळा हायवेला लागून, त्यामुळे ते बहुतेक वेळा खरंही असतं. त्याला म्हणा, दुसरं सांग. मग तो फार चांगलं सांगतो. आणि जो आला नसेल त्याचं नाव गाळायचं नाही. तो कुठे आहे ते त्याच्या शेजारी बसणाऱ्याने उभं राहून सांगायचं. मामाच्या गावाला गेलाय, ताप आलाय, ज्वारीला पाणी द्यायला थांबलाय. शेजाऱ्याला माहीत नसेल तर त्याने मधल्या सुट्टीपर्यंत माहिती काढायची. अशाने वर्गातून कोणी नुसतंच नाहीसं होत नाही.

तुमचा घसा बसला असेल त्या दिवशी आवाजांचा खेळ घ्या. सगळ्यांनी डोळे मिटून ऐकायचं. मग कोऱ्या कागदाच्या मध्यावर स्वतःचा एक ठिपका काढायचा आणि कुठल्या बाजूने काय ऐकू आलं ते त्या त्या बाजूला लिहायचं. एकीकडे ट्रकचे हॉर्न, एकीकडे हेडसरांचा खोकला. खिचडीच्या पातेल्याचा आवाज मात्र सगळ्यांच्या कागदावर असतो.

आणि साखळी गोष्ट. पहिलं वाक्य तुम्ही सांगायचं, मग बाकामागून बाक एकेकाने एक वाक्य जोडायचं. कोणी 'पास' म्हणायचं नाही, साखळी तुटू द्यायची नाही. यात नियम एकच, पण तो पाळायला लावा: गोष्टीत कोणाला मारायचं नाही. नाहीतर पोरं तिसऱ्या वाक्याला राजाला साप चाववतात आणि चौथ्या वाक्याला सगळे मोकळे. मी त्यांना म्हणते, मारून टाकणं सोपं असतं रे, जिवंत ठेवून पुढे न्यायला डोकं लागतं.

शेवटचं एक जानेवारीत घ्या. पत्रलेखन अभ्यासक्रमात आहेच, पण पुस्तकातली पत्रं कोणाला पोहोचत नाहीत. प्रत्येकाला एक खरं पोस्टकार्ड द्या. पत्र आमच्या बाळाला लिहायचं. त्यात एक नाव सुचवायचं आणि जगात कसं वागावं याचा एक सल्ला द्यायचा. बाळाचं नाव आम्ही ठरवलेलं नाही. मिस्टरांना बायबलमधलं हवंय, आईला तिच्या आईचं. पण निरोपाच्या दिवशी पोरांनी मला गेटपाशी अडवलं आणि 'नाव आम्हीच ठरवणार' असं वचन घेतलं. शब्द दिलाय, म्हणून घरात मी नावाचा विषयच निघू देत नाही. डॉक्टरांनी जानेवारीच्या शेवटची तारीख दिली आहे. पत्ता खाली लिहिला आहे.

काही अडलं तर कळवा.

आपली,
दीना भिंगारदिवे


पारनेर
१६ जानेवारी २०२५

पूजा मॅडम,

तुमचं नाताळचं शुभेच्छापत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, राग मानू नका.

दुपारच्या तासाला मुलं पेंगतात असं तुम्ही लिहिलंय. खिचडी खाल्ल्यावर गणित घेऊ नका. फळ्यावर एक लांबलचक शब्द लिहा आणि त्यातल्या अक्षरांपासून जितके होतील तितके शब्द करायला सांगा. जोडीने करू द्या. हुशार मुलाला हुशार मुलाजवळ बसवू नका.

पत्रांचा तास अजून घेतला नसेल तर राहू द्या. कारण तसं काही नाही. पोस्टाचा हल्ली भरवसा वाटत नाही. कार्डं आणली असतील तर त्यांवर चित्रं काढू देत.

मी बरी आहे. फोन बंद ठेवलाय, बोललं की डोकं दुखतं. मुलांनी विचारलं तर मॅडम आराम करतायत असं सांगा. ते खोटं नाही.

इथे थंडी फार आहे. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी लागेल म्हणून आईने आधीच पोतंभर कोळसा आणून ठेवला होता. पोतं तसंच कोपऱ्यात आहे. काल मी म्हटलं, "पेटव की, मला गारठतंय." आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि माझ्या अंगावर अजून एक गोधडी टाकली.

दीना


पारनेर
२९ जानेवारी २०२५

पूजा मॅडम,

माझं पत्र पोहोचायच्या आदल्याच दिवशी मुलांनी पोस्टकार्डं पेटीत टाकली होती, असं तुम्ही लिहिलंत. तुमची काही चूक नाही. तासाला पोस्टकार्डं द्या हे मीच सांगितलं होतं.

पत्रं आली. एकदम नाही, रोज चार-पाच. इथला पोस्टमन बिभीषण उघडी कार्डं वाचतच रस्त्याने येतो. पहिल्या दिवशी तो लांबूनच हसत होता. "ताई, शाळा लई हुशार हाय तुमची," म्हणाला. मग शेजारच्या घरी त्याला कोणीतरी सांगितलं असावं. आता तो घंटी न वाजवता कार्डं ओट्यावर ठेवतो, वर दगड ठेवतो आणि सायकल हाताने ढकलत निघून जातो.

हर्षलने 'रायबा' सुचवलंय. सल्ला असा: 'खिचडीच्या लायनीत मुली मधी घुसतात, तू पण घुस.' पार्थने लिहिलंय, 'नाव कायपण ठेवा पण पार्थ ठेवू नका, वर्गात एक हाय तेवढा बास. मॅडम रागावल्या की त्यांच्या चष्म्याकडं बघायचं, डोळ्याकडं न्हाई.' कल्याणने नाव सुचवलंय 'बुलेट'. आणि सल्ला: 'शेवटचा बाक धर. वारा लागतो आन् बस आलेली पहिली दिसती.'

आईच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तिला वाचता येत नाही. माझ्या भावाची मुलगी एंजल दुसरीत आहे. तिला नुकतं वाचायला येऊ लागलंय, त्यामुळे घरात आलेला कुठलाही कागद ती सोडत नाही. परवा ती अंगणात उभी राहून मोठ्याने वाचायला लागली, "प्रि-य बा-ळ, तू क-धी बो-ला-य-ला ला-ग-शी-ल." आई तांदूळ निवडत होती. ताट तसंच ठेवून ती आत गेली.

एंजल माझ्याकडे आली. "आत्या, हे कुठं ठेवू? बाळाच्या उशीपाशी?"

मी म्हटलं, "माझ्या उशीपाशी ठेव."

मुलगा की मुलगी असं तुम्ही विचारलंय. मुलगी. मुलांना एवढं सांगा.

दीना


पारनेर
१२ फेब्रुवारी २०२५

पूजा,

अहो-जाहो सोडते. तू माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेस, आणि हे 'तुम्ही' म्हणून लिहिता येत नाहीये.

मुलगी झाली हे कळल्यावर वर्गात बाकं वाजली, असं तू लिहिलंस. कल्याणने घरून डबाभर साखर आणली आणि चिमूट चिमूट सगळ्यांच्या तळहातावर ठेवली. मग तो हेडसरांनाही द्यायला गेला, आणि सर ती साखर तोंडात न टाकता मुठीत धरून बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले. तुला ते चमत्कारिक वाटलं. त्यांना माहीत होतं, पूजा. शलमोनने त्यांना फोनवर सांगितलं होतं. शाळेत कोणाला कळू देऊ नका, ही विनवणी माझी.

ती पाच जानेवारीला आली, तीन आठवडे लवकर. दोन दिवस राहिली.

काचेच्या पेटीत होती. त्या पेटीला हात घालायला बाजूने एक गोल झडप असते. मी चाकाच्या खुर्चीत बसून आत बोट घातलं आणि तिने ते धरलं. नर्स म्हणाली, "सगळीच बाळं धरतात, मॅडम." तिला मला समजवायचं असेल की त्यावर फार आशा ठेवू नका. मला मात्र एवढंच कळलं की तिने धरलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शलमोन आणि माझा भाऊ तिला घेऊन गेले. मला टाके होते, उठू दिलं नाही. नगरच्या दफनभूमीत पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू करण्याआधी नाव विचारलं. शलमोनने मला फोन केला. "दीना, नाव काय सांगू?"

मी म्हटलं, "मुलं ठरवणार आहेत."

मला त्याच्या मागे फावडं वाजल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

तिच्या लाकडी क्रूसावर लिहिलंय, 'शलमोन व दीना भिंगारदिवे यांची मुलगी'. भावाने फोनमध्ये फोटो दाखवला. अठरा वर्षं मी रोज सकाळी एकेक नाव घेऊन मुलांना हाक मारत आले, आणि माझ्या मुलीला हाक मारायला माझ्याकडे नाव नव्हतं. दूध आटायच्या गोळ्या चालू असतानाही ते येत राहिलं. आई कापड भिजवून छातीवर ठेवायची.

काल शेवटचं पोस्टकार्ड आलं. निकिताचं. ती ज्वारीच्या काढणीसाठी घरी राहिली होती म्हणून तिचं मागे पडलं. तिने लिहिलंय:

'प्रिय बाळ, तुझं नाव सुगी ठेवावं. मुलगा असला तरी चालेल. आमच्याकडे सुगीत समदे घरी येतात, पुण्याचे काका पण. कामाच्या गडबडीत कोणी कोणावर रागवत न्हाई. म्हणून मला सुगीचे दिवस आवडतात. सल्ला: घाई करू नको, मोठं व्हायला वेळ लागतो.'

ते नाव मी एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं.

मुलांना काही सांगू नकोस.

तुझी,
दीना मॅडम


पारनेर
४ मार्च २०२५

प्रिय पूजा,

तुझं पत्र कालच मिळालं आणि मी ते तीनदा उलगडलं. मुलं रोज विचारतात, कोणाचं नाव लागलं? परीक्षेआधीच्या एका रविवारी सगळी सातवी बाळाला बघायला पारनेरला येणार, कल्याणच्या चुलत्याचा टेम्पो ठरलाय. मुलींनी गोधडी शिवायला घेतलीय आणि प्रत्येकीने घरून एकेक तुकडा आणलाय. निकिताने तिच्या आजीच्या लुगड्याचा आणला.

पूजा, हे मला झेपणार नाही. तू असं कर. त्यांना सांग की दीना मॅडमची संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली झाली. चार दिवस रुसतील, मग विसरतील. परीक्षा आली की मुलं सगळं विसरतात. मी हेडसरांना तसा अर्जही देईन. माझ्या जागी तूच राहावीस असंही सांगेन. तू चांगली शिकवतेस हे मुलांच्या अक्षरातच दिसतं. मला त्यांच्यासमोर उभं राहता येणार नाही. त्या सगळ्यांनी तिच्याबद्दल विचार केलाय. ती कशी बसेल, काय खाईल, कुठल्या बाकावर. माझ्याखेरीज तिच्याबद्दल एवढा विचार त्यांनीच केला. आणि त्यांना मी काय सांगू?

शलमोन दर रविवारी येतो. आता तो दारातून काही विचारत नाही. खुर्ची ओढून बसतो, आईने दिलेला चहा पितो, "घरी चल" म्हणतो. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मी त्याला विचारत नाही, पण रोज मनात विचारते: तुला एकसुद्धा नाव सुचलं नाही? पाळकसाहेब समोर उभे होते. मरियम म्हणाला असतास, रूथ म्हणाला असतास. कुठलंही. तो काय उत्तर देईल हे मला माहीत आहे. 'तू शब्द दिला होतास, मी कसा मोडू?' असं तो म्हणेल. त्यावर मला काही बोलता येणार नाही, म्हणून मी विचारत नाही आणि रागावून राहते. रागावलं की थोडं बरं वाटतं.

बदलीचं तेवढं सांग. एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
दीना मॅडम


पारनेर
१७ मार्च २०२५

पूजा,

तुझं उत्तर चार ओळींचं. 'मॅडम, तुम्ही म्हणाल ते मी सांगेन. पण कल्याण पहिलं विचारील, कुठल्या शाळेत? मग टेम्पो तिकडं येईल.'

मी हसले. जानेवारीपासून पहिल्यांदा. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं मी रडतेय. मग माझ्याकडे बघून तीही पलंगाच्या कडेला बसली आणि रडायला लागली. मी तिला टेम्पोचं सांगितलं. ती म्हणाली, "येऊ दे की गं पोरांना. मी चहा करीन." मग तिच्या लक्षात आलं आणि ती माझ्या अंगावरची गोधडी सारखी करू लागली.

गेले चार दिवस मी ते कार्ड उशीखाली ठेवून झोपतेय. कोणतं, ते तुला कळलं असेल.

२२ तारखेला शनिवार आहे, सकाळची शाळा. पहिला तास मला दे. तू स्टाफरूममध्ये बस, वर्गात थांबू नकोस. तू समोर असलीस तर मी तुझ्याकडेच बघत राहीन. हेडसरांना सांग की मी कामावर रुजू होत नाहीये, नुसती एका तासाची बदली शिक्षक म्हणून येतेय, तुझ्या जागी. मुलांना आधी सांगू नकोस.

तासाला काय घ्यायचं ते ठरवलेलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना सोपे सोपे तास सांगत आले, आणि हा एक तास कसा घ्यायचा ते सुचत नाहीये.

दीना


नगर
२५ मार्च २०२५

प्रिय पूजा,

त्या दिवशी तुला न भेटताच निघून आले. स्टाफरूमच्या काचेतून तू दिसलीस, वही पुढे उघडी आणि पान उलटत नव्हतीस. आत आले असते तर मला बोलता आलं नसतं. तुझ्या तासाला काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

मी वर्गात गेले तशी सगळी उठून ओरडायलाच लागली. मी म्हटलं, आधी हजेरी. पाठ होतीच मला. हर्षलने वाटेत उसाची बैलगाडी पाहिली. पार्थने पोलिसांनी थांबवलेली जीप. निकिताने आंब्याला आलेल्या कैऱ्या. कल्याणचं नाव घेतलं तेव्हा मला वाटलं, आता मेलेलं कुत्रं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "तुमी दिसला, मॅडम. बसमधून उतरताना. एकट्याच."

"बाळ कुठं हाय?" त्याने विचारलं.

"सांगते," मी म्हटलं. "आधी साखळी गोष्ट घेऊ. पहिलं वाक्य माझं." आणि काय बोलायचं ते ठरवायच्या आत माझ्या तोंडून गेलं, "एक मुलगी जन्माला आली आणि तिचं नाव होतं सुगी."

"निकीचं नाव लागलं! निकीचं नाव लागलं!" पोरांनी बाकं वाजवली. निकिताने तोंड ओढणीत लपवलं. "बुलेट काय वाईट हुतं का?" कल्याण म्हणाला आणि सगळे हसले.

मग साखळी सुरू झाली. "ती लई रडकी हुती." "ती रडली की हायवेचे ट्रक थांबायचे." "ती खिचडीतले वाटाणे येचून खायची आन् भात शेजारच्याला द्यायची." "ती पार्थला राखी बांधायची, पन पार्थ तिला कायच द्यायचा न्हाई." "कसा न्हाई! मी तिला सायकल शिकवली!" "हे तुझं वाक्य झालं, बस खाली." ती आपल्या शाळेत आली. ती पळण्याच्या शर्यतीत दुसरी आली, कारण पहिली निकिता आली. तिला गणित येत नव्हतं. तिने हेडसरांच्या टेबलावर बेडूक सोडला. कल्याणपाशी येईतो ती मोठी झाली होती. तो म्हणाला, "आन् मग ती एसटीची ड्रायव्हर झाली, आन् तिनं आमाला समद्यांना फुकट नगरला नेलं, आन् कंडक्टर काय बोलला न्हाई कारन कंडक्टर मी हुतो."

मी पण हसत होते, पूजा. मला ती दिसत होती. खाकी शर्टात, केस वर बांधलेले, मोठ्या चाकामागे बसलेली. साखळी थांबूच नये असं मला वाटत होतं. पण शेवटचा बाक झाला आणि वाक्य फिरून माझ्यावर आलं.

मी म्हटलं, "सुगी दोन दिवस राहिली. मग ती गेली."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. आवाजांच्या खेळात असते तशी शांतता होती, फक्त डोळे कोणी मिटले नव्हते.

कल्याण हळूच म्हणाला, "मॅडम, आपला नियम हाय ना. कोनाला मारायचं न्हाई."

"हो," मी म्हटलं. "मी मोडला."

"मग हे वाक्य खोटं हाय का?"

"नाही. खरं आहे."

पुढे काय करायचं ते मला कळेना. फळ्याकडे तोंड करून उभं राहावंसं वाटलं. पण साखळी तुटू द्यायची नसते, आणि पुढचं वाक्य पहिल्या बाकाचं होतं. निकिता उभी राहिली. बाकाची कड दोन्ही हातांनी धरून ती बराच वेळ उभी होती. मी तिला 'बस' म्हणणार होते. इतक्यात ती म्हणाली, "मग समदे तिच्या आईकडं गेले. आन् कोनी कोनावर रागावलं न्हाई."

आणि खाली बसली.

तिच्या मागच्यांपैकी कोणी पुढचं वाक्य म्हटलं नाही. मीही म्हणायला लावलं नाही. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होत्या आणि मुलगे खिडकीबाहेर बघत होते. मग कल्याण शेवटच्या बाकावरून पुढे आला, थेट टेबलापाशी.

"मॅडम, टेम्पो तर ठरलाय," तो म्हणाला. "चुलत्याला न्हाई म्हनायचं न्हाई. कुठं यायचं तेवढं सांगा."

मी बस धरली. पारनेरला जायला नगरला उतरून दुसरी गाडी घ्यावी लागते. मी उतरले, पण ती गाडी घेतली नाही. रिक्षा करून घरी गेले. शलमोनने दार उघडलं, हातात कांदा चिरायची सुरी होती. मी म्हटलं, "तिचं नाव सुगी आहे."

त्याने सुरी खाली ठेवली. मग म्हणाला, "कोणी ठेवलं?"

"निकिताने. सातवीतली."

"बरं आहे," तो म्हणाला. "छान आहे." आणि तिथेच उंबऱ्यावर बसून तो लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या शेजारी बसले. जे विचारायचं होतं ते मी विचारलं नाही. आता विचारणारही नाही.

रविवारी आम्ही दोघं दफनभूमीत गेलो. मी पहिल्यांदाच. पेंटरने जुनी अक्षरं खरवडली नाहीत, मीच नको म्हटलं. त्यांच्या वरच्या जागेत त्याने तिचं नाव लिहिलं. दोनच अक्षरं आहेत, दुरून दिसतात.

आता तुझ्याकडे एक काम आहे. सहा एप्रिलला रविवारी टेम्पो नगरला येतोय. हेडसरांनी हो म्हटलंय, पालकांना चिठ्ठ्या गेल्यात. तू पुढे चुलत्याजवळ बस आणि त्याला सावकाश चालवायला सांग. गोधडी एंजलला द्यायची असं मुलींनीच ठरवलंय. आई पारनेरहून येणार आहे, ती सगळ्यांसाठी चहा करील.

दफनभूमीत पोहोचल्यावर मुलांना ओळीत उभं कर आणि नेहमीसारखी हजेरी घे. वाटेत काय काय पाहिलं ते सांगू दे त्यांना, घाई करू नकोस. सगळी नावं झाली की शेवटी तिचं नाव घे. ती ओ देणार नाही. जो ओ देत नाही तो कुठे आहे ते शेजारी बसणाऱ्याने उभं राहून सांगायचं, हे वर्गात सगळ्यांना पाठ आहे. त्या काचेच्या पेटीशेजारी मी बसले होते.

मी सांगेन.

तुझी,
दीना